रानाची शांतता कोणी राखली?

सत्तरी तालुक्यातील नानोडे-बांबर येथे निरंकाराची राई आहे. तेथे पाणथळ चिखलात रानजायफळाची झाडे उभी आहेत आणि श्वासासाठी त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर आली आहेत. सरकारी वनखाते जन्मास येण्याच्या कितीतरी आधीपासून अशा राया गावांच्या श्रद्धेने राखल्या. देवराईतील वाळकी काटकीदेखील घरी नेऊ नये, हा आमच्या पूर्वजांचा दंडक होता.

आज घाटपायथ्याच्या या अरण्यांकडे निराळ्या हेतूने पाहिले जाऊ लागले आहे. शहरी धकाधकीने शिणलेल्यांसाठी ध्यान, मौन, योग आणि उपचार यांची निवासी शिबिरे भरतात. जागा जितकी निबिड, तितकी तिला मागणी अधिक. या हेतूची टवाळी आम्ही करणार नाही. वानप्रस्थाची कल्पना आमचीच आहे. तांबडी सुर्ल येथील महादेवाच्या कदंबकालीन मंदिरात नदीचा नाद ऐकत घटकाभर बसलेल्या कोणासही रानाच्या शांततेचे मोल पटवून द्यावे लागत नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे ‘अरण्यस्नान’ ही संज्ञा रूढ केली. झाडांत संथपणे फिरल्याने मनावरील ताण हलका होतो, रक्तदाबही काहीसा उतरतो, असे पुढील अभ्यासांत आढळले. मात्र हा औषधोपचारास पर्याय नव्हे, हे शिबिरे चालविणाऱ्यांनी येणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.

आमची चिंता वेगळीच आहे. शांतता शोधीत येणाऱ्यासाठी रस्ता रुंद करावा लागतो, वीज न्यावी लागते, झऱ्यावर पंप बसवावा लागतो आणि सांडपाणी कोठेतरी सोडावे लागते. रानजायफळाच्या मुळांशी असलेले पाणी एकदा वळविले, की एकाही झाडावर कुऱ्हाड न घालता राई मरते. ज्या शांततेसाठी पाहुणा आला, ती त्याच्यासाठी केलेल्या सोयींनीच संपते.

म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली. तरीही जानेवारी २०२० मध्ये म्हादई परिसरातील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले, आणि मार्च २०२३ मध्ये त्याच अभयारण्यात वणवे पेटले. नकाशावर रेघ ओढल्याने रान राखले जात नाही. ते राखण्यास लगतच्या गावाचे मन रानाशी जोडलेले असावे लागते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की ही शिबिरे अभयारण्यात व देवराईत मुळीच नकोत. ती कडेच्या गावांतील नांदत्या घरांत, मोजक्या पाहुण्यांसाठी भरावीत. त्यांस ग्रामसभेची संमती असावी आणि मिळकतीचा वाजवी वाटा गावास मिळावा. पाहुण्याने रानात पायी, गावकऱ्याच्या सोबतीने जावे व दिवस मावळण्यापूर्वी परतावे. सरकारनेही परवाने देताना खाटांची संख्या मोजण्याआधी झऱ्याचे पाणी मोजावे.

ध्यानास आसनभर जागा पुरते. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्याने एका काटकीचा मोह आवरला, म्हणून आज पाहुण्यास बसायला सावली उरली आहे. आत्मचिंतनाचा पहिला धडा तो हाच. तो गिरविण्याची ज्याची तयारी नाही, त्याने रानात जाऊन तरी काय शोधावे?