डायोड-पंप लेझर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेझरच्या माध्यमातील अणूंना बाहेरून ऊर्जा देऊन वरच्या ऊर्जापातळीवर नेण्याच्या क्रियेला पंपिंग म्हणतात. हे काम अर्धवाहक लेझर डायोडच्या प्रकाशाने होत असेल, तर तो डायोड-पंप लेझर. त्याचे माध्यम स्फटिक, काच किंवा प्रकाशतंतू असते. धातूचे पत्रे कापणाऱ्या यंत्रांपासून गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांपर्यंत या लेझरचा वापर होतो. तो जितका पसरला, तितकेच त्याच्या रचनेविषयीचे आणि कामगिरीविषयीचे काही समजही पसरले. त्यांतले बरेच अर्धवट आहेत, काही सरळ चुकीचे आहेत.

गैरसमज १ : डायोड लेझर आणि डायोड-पंप लेझर एकच.

वस्तुस्थिती : डायोड लेझरमध्ये अर्धवाहकातून निघालेला प्रकाश थेट वापरला जातो. डायोड-पंप लेझरमध्ये तो फक्त इंधन असतो. वापरायची शलाका स्फटिकातून किंवा तंतूतून निघते. जास्त शक्तीच्या डायोडचा प्रकाश सुमारे एक मायक्रोमीटर उंचीच्या फटीतून बाहेर पडतो. तो एका दिशेला साधारण ४० अंशांत आणि दुसऱ्या दिशेला १० अंशांच्या आसपास फाकतो. एक सेंटिमीटर लांबीच्या डायोड-पट्टीत असे अनेक उत्सर्जक शेजारी शेजारी असतात. ती शंभर वॅटपर्यंत किंवा त्याहूनही जास्त शक्ती देते, पण तिचा प्रकाश बारीक बिंदूवर एकवटत नाही. लेझर स्फटिक हा विस्कळीत प्रकाश शोषून त्याच्याहून कमी शक्तीची, पण कितीतरी शिस्तबद्ध शलाका देतो. दुसरा फरक ऊर्जा साठवण्याचा आहे. अर्धवाहकातील उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदांत विरते. निओडिमियम-याग स्फटिकात (निओडिमियम मिसळलेल्या यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये) ती सुमारे २३० मायक्रोसेकंद टिकते. त्यामुळे स्फटिकात साठलेली १० मिलिज्यूल ऊर्जा १० नॅनोसेकंदांत सोडली, तर त्या क्षणापुरती शक्ती एक मेगावॅट होते.

गैरसमज २ : हे तंत्र अलीकडचे आहे.

वस्तुस्थिती : कल्पना जवळपास लेझरइतकीच जुनी आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर चालवला, तेव्हा माणकाच्या कांडीला फ्लॅशलॅम्पने ऊर्जा दिली होती. १९६२ मध्ये गॅलियम आर्सेनाइडचे डायोड लेझर तयार झाले आणि १९६३ मध्येच रॉजर न्यूमन यांनी अशा अर्धवाहकाच्या प्रकाशाने निओडिमियमला पंप करता येईल असे सुचवले. १९६४ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत कीज आणि क्विस्ट यांनी युरेनियमयुक्त कॅल्शियम फ्लोराइडचा डायोड-पंप लेझर चालवून दाखवला. त्यासाठी द्रव हेलियमची थंडी लागली. अडचण डायोडची होती. सामान्य तापमानाला अखंड चालणारा डायोड १९७० मध्ये आला आणि पुरेशी शक्ती, आयुष्य व परवडणारी किंमत मिळायला १९८० चे दशक उजाडले.

गैरसमज ३ : डायोडची शक्ती पुरेशी असली की झाले.

वस्तुस्थिती : शक्तीइतकीच तरंगलांबी महत्त्वाची असते. निओडिमियम-यागचे शोषणाचे मुख्य शिखर ८०८ नॅनोमीटरजवळ असून ते जेमतेम एक-दोन नॅनोमीटर रुंद आहे. डायोडची तरंगलांबी मात्र तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने ती तीन नॅनोमीटर सरकून शिखराबाहेर जाते आणि बराचसा प्रकाश न शोषता स्फटिकातून आरपार निघून जातो. म्हणून डायोडचे तापमान काटेकोर राखावे लागते किंवा खास जाळीदार प्रकाशीय घटक लावून तरंगलांबी बांधून ठेवावी लागते. माध्यमाची निवड हा तिसरा मार्ग आहे. यटर्बियम-यागचा ९४० नॅनोमीटरजवळचा शोषणपट्टा बराच रुंद असल्याने डायोडची तरंगलांबी थोडी हलली तरी तो चालवून घेतो.

गैरसमज ४ : डायोडने पंप केलेला लेझर तापत नाही.

वस्तुस्थिती : फ्लॅशलॅम्पचा प्रकाश अतिनीलपासून अवरक्तपर्यंत पसरलेला असतो. त्यातला थोडाच भाग स्फटिकाच्या उपयोगाचा असतो, उरलेल्याची बहुतांशी उष्णता होते. डायोडमुळे ही उधळपट्टी थांबते, पण उष्णता संपत नाही. निओडिमियम-याग ८०८ नॅनोमीटरचा फोटॉन घेतो आणि १०६४ नॅनोमीटरचा देतो. तरंगलांबी जास्त असलेल्या फोटॉनची ऊर्जा कमी असते, त्यामुळे प्रत्येक देवघेवीत सुमारे २४ टक्के ऊर्जा स्फटिकातच राहते. हा तोटा भौतिकीच्या नियमातून येतो. कारागिरी सुधारून तो टळत नाही. ८८५ नॅनोमीटरने पंप केल्यास तो सुमारे १७ टक्क्यांवर येतो. ९४० नॅनोमीटर घेऊन १०३० नॅनोमीटर देणाऱ्या यटर्बियम-यागमध्ये तो ९ टक्क्यांच्या आसपास असतो.

यटर्बियमही हा फायदा फुकट देत नाही. त्याच्या लेझर-संक्रमणाची खालची पातळी मूळ पातळीच्या इतकी जवळ आहे, की सामान्य तापमानाला सुमारे ५ टक्के आयन आधीच तिच्यात असतात आणि ते लेझरचाच प्रकाश पुन्हा शोषतात. त्यावर मात करायला पंपाचा प्रकाश अतिशय एकवटलेला लागतो किंवा स्फटिक खूप थंड ठेवावा लागतो. चेक प्रजासत्ताकातील हायलेझ केंद्राच्या ‘बिवोय’ लेझरमध्ये यटर्बियम-यागच्या चकत्यांवरून थंड हेलियम वायू वाहता ठेवतात. या लेझरने १०० ज्यूलचे स्पंद सेकंदाला १० या वेगाने देऊन एक किलोवॅट सरासरी शक्ती गाठली.

गैरसमज ५ : पंप वाढवत गेले की लेझरची शक्तीही वाढत जाते.

वस्तुस्थिती : एका मर्यादेपर्यंतच. कांडीच्या आकाराचा स्फटिक बाहेरून थंड केला की मधला भाग गरम आणि कडा थंड राहतात. तापमानाबरोबर अपवर्तनांक बदलत असल्याने स्फटिकच भिंगासारखा वागू लागतो. पंप वाढवला की हे भिंग अधिक तीव्र होते, आरशांमधली प्रकाशाची मांडणी बिघडते, शलाका विस्कटते आणि शेवटी ताण असह्य होऊन स्फटिक तडकतो. निओडिमियमचे प्रमाण वाढवूनही प्रश्न सुटत नाही. यागमध्ये ते साधारण एक टक्का ठेवतात. त्याच्या फार पुढे गेल्यास शेजारचे आयन आपसांतच ऊर्जा वाटून घेतात आणि साठवण घटते.

म्हणूनच रचनेवरील संशोधनाचा मोठा भाग माध्यमाच्या आकाराभोवती फिरतो. स्फटिकाच्या टोकाकडून पंप केल्यास पंपाचा प्रकाश आणि लेझरची शलाका एकाच जागेतून जातात, त्यामुळे शलाका उत्तम मिळते. मात्र सगळी उष्णता लहानशा भागात साचते. बाजूने पंप केल्यास उष्णता वाटली जाते व शक्ती वाढते, पण शलाकेचा दर्जा राखणे अवघड जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुटगार्टमध्ये अडॉल्फ गीझन आणि सहकाऱ्यांनी चकती-लेझर मांडला. त्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीची यटर्बियम-यागची चकती पाठीमागून थंड करतात. उष्णता शलाकेच्याच दिशेने वाहून जात असल्याने भिंगाचा परिणाम फार कमी होतो. इतक्या पातळ चकतीत एका फेरीत थोडाच प्रकाश शोषला जातो, म्हणून आरशांच्या मदतीने पंपाचा प्रकाश तिच्यातून अनेकदा फिरवतात. तंतू-लेझर दुसऱ्या टोकाला जातो : माध्यम केसासारखे बारीक आणि काही मीटर लांब. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्याने तो सहज थंड होतो. मात्र लहानशा गाभ्यात प्रचंड तीव्रता साठल्याने काचेतले अरेषीय परिणाम सुरू होतात आणि तीच त्याची मर्यादा ठरते.

गैरसमज ६ : ५० टक्के कार्यक्षमता म्हणजे निम्म्या विजेचा लेझर-प्रकाश होतो.

वस्तुस्थिती : शोधनिबंधांत बहुधा उतार-कार्यक्षमता दिलेली असते. लेझर सुरू झाल्यानंतर शोषलेल्या प्रत्येक जादा वॅटमागे किती जादा प्रकाश मिळतो, एवढेच ती सांगते. एक कल्पित उदाहरण पाहता येईल. १० वॅट पंपापैकी ८ वॅट शोषले गेले, त्यातले २ वॅट लेझर सुरू होण्यातच खर्च झाले आणि उतार-कार्यक्षमता ५० टक्के आहे. तर मिळतात ३ वॅट. पंपाच्या तुलनेत हे ३० टक्के झाले. डायोडची स्वतःची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर त्याला २० वॅट वीज लागली, म्हणजे १५ टक्के. थंड करण्याच्या यंत्रणेला आणखी १० वॅट गेले, तर हिशेब १० टक्क्यांवर येतो. चारही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तुलना विजेच्या जोडणीपासूनच करायची झाली, तर दिव्याने पंप केलेला निओडिमियम-याग लेझर साधारण १ ते ३ टक्के देतो. चांगले तंतू-लेझर ३० टक्क्यांच्या पुढे जातात.

गैरसमज ७ : डायोड बिघडतच नाहीत.

वस्तुस्थिती : अखंड चालणाऱ्या लेझरचा दिवा काही शे तासांत बदलावा लागतो, तर चांगला डायोड दहा हजार तासांहून जास्त चालतो. मात्र डायोडचे आयुष्य त्याच्या जोडकामावर आणि वापरावर अवलंबून असते. मंगळाभोवती फिरलेल्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानावरील मोला या डायोड-पंप लेझर उंचीमापकाने २००१ पर्यंत साठ कोटींहून अधिक स्पंद सोडले. उलट, २००३ मध्ये सोडलेल्या ‘आइससॅट’ उपग्रहावरील तीन लेझरपैकी पहिला सुमारे ३७ दिवसांत बंद पडला. डायोड-पट्ट्यांच्या जोडणीतील जादा इंडियमची सोन्याच्या तारांशी प्रक्रिया होऊन तारा झिजल्या, असे चौकशीत आढळले. अखंड मोजमापाचा बेत सोडून उरलेले लेझर वर्षातून दोन-तीनदा, महिनाभराच्या मोहिमांपुरते वापरावे लागले. याशिवाय स्थिर विजेचा झटका, प्रवाहातील उसळी आणि उत्सर्जक पृष्ठभागावरची धूळ यांनीही डायोड क्षणात निकामी होऊ शकतो.

गैरसमज ८ : फ्लॅशलॅम्प आता कालबाह्य झाले.

वस्तुस्थिती : डायोडची किंमत त्याच्या शिखर-शक्तीनुसार मोजावी लागते. प्रचंड ऊर्जा हवी, पण दिवसातून मोजक्याच वेळा, अशा ठिकाणी दिवा स्वस्त पडतो. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या संलयन-प्रयोगशाळेच्या १९२ शलाकांना ७,६८० फ्लॅशलॅम्प ऊर्जा देतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी तेथे २.०५ मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संलयन-ऊर्जा मिळाली. पण त्या एका स्पंदासाठी लेझर यंत्रणेने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली. प्रयोगासाठी हे चालते. वीजनिर्मितीसाठी सेकंदाला अनेक स्पंद आणि कितीतरी चांगली कार्यक्षमता लागेल आणि तेथे डायोडला पर्याय दिसत नाही.

गैरसमज ९ : हिरव्या पॉइंटरमधून फक्त हिरवा प्रकाश येतो, म्हणून तो निर्धोक.

वस्तुस्थिती : अनेक हिरवे पॉइंटर हे चिमुकले डायोड-पंप लेझर असतात. ८०८ नॅनोमीटरचा डायोड निओडिमियमयुक्त व्हॅनाडेट स्फटिकाला पंप करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. पहिल्या दोन्ही तरंगलांब्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या अडवणारी गाळणी नसेल, तर त्या बाहेर येतात. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या संशोधकांनी तपासलेल्या एका स्वस्त पॉइंटरचा हिरवा प्रकाश मंद होता, पण त्यातून सुमारे २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश निघत होता. प्रखर प्रकाशाने पापणी मिटते, अदृश्य प्रकाशाने मिटत नाही. खरा धोका तेथे आहे.

गैरसमज १० : जास्त वॅटचा लेझर तो चांगला लेझर.

वस्तुस्थिती : कामगिरी कामावरून ठरते. पत्रा कापायला किलोवॅट लागतात, मोजमापाला स्थैर्य लागते. १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात थॉमस केन आणि रॉबर्ट बायर यांनी निओडिमियम-यागच्या एकाच छोट्या तुकड्यात प्रकाशाचा संपूर्ण फेरा बसवला. वेगळे आरसे नसल्याने ते हलण्याचा प्रश्न उरला नाही आणि वारंवारता अतिशय स्थिर झाली. याच प्रकारचा डायोड-पंप लेझर ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत मूळ स्रोत म्हणून वापरला गेला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या त्या यंत्रात जाणारी लेझर-शक्ती सुमारे २० वॅट होती. लायगोच्याच धर्तीची वेधशाळा महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

तरंगलांबीचा मेळ, उष्णतेचा निचरा आणि पंपाचा प्रकाश व शलाका यांची एकमेकांवरची बसणी या तीन गोष्टींवर डायोड-पंप लेझरची कामगिरी ठरते. यांचा उल्लेख न करता दिलेला वॅटचा किंवा टक्क्यांचा आकडा अपुरा समजावा.