नदीला जंगलात येऊ द्या

उन्हाळ्यात आयोवा किंवा इलिनॉयमधून गाडीने गेला असाल, तर मैलोन्‌मैल पसरलेला मका तुम्ही पाहिला असेल. त्या मक्याला दिलेलं सगळं नत्रखत काही पिकाच्या अंगी लागत नाही. उरलेल्यापैकी बराच नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर ओढ्यात, तिथून मिसिसिपी नदीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात पोचतो. तिथे त्यावर शैवाल फोफावतं, मरून तळाशी कुजतं आणि कुजताना तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. २०१७ साली हा ‘मृत पट्टा’ सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला, म्हणजे जवळजवळ न्यू जर्सीएवढा!

या नायट्रेटला वाटेत अडवणारं कुणीच नाही का? आहे. नदीकाठच्या पूरमैदानातलं जंगल, आणि खरं सांगायचं तर त्या जंगलाची माती.

शाळेत शिकलेलं नायट्रोजन चक्र आठवून पाहा. त्यातली शेवटची पायरी म्हणजे विनायट्रीकरण. पुराच्या पाण्याने माती भिजली की तिच्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. मग काही जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरू लागतात. खायला पानगळीचा कुजका पाला असतोच. नायट्रेटमधला नायट्रोजन अखेर वायू होऊन हवेत परत जातो. हवेत ७८ टक्के तोच आहे, त्यामुळे त्याचा कुणाला त्रास नाही.

पण माती कायम पाण्याखाली राहिली तरी चालत नाही. पाला कुजून मातीत अमोनियम तयार होतं आणि त्याचं नायट्रेट व्हायला मात्र ऑक्सिजन लागतो. म्हणून कधी ओली, कधी कोरडी अशी माती या कामात तरबेज असते. आम्ही मातीवाले अशा जागी आधी रंग बघतो. राखाडी माती आणि मुळांभोवती गंजासारख्या तांबूस रेघा दिसल्या, की समजायचं इथे पाणी येऊन-जाऊन असतं.

मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात एके काळी ओक, सायप्रस आणि ट्युपेलोचं असं जंगल सुमारे एक कोटी हेक्टरवर होतं. आज त्याचा चौथा हिस्सा उरलाय. १९२७च्या महापुरानंतर नदीकाठचे बांध आणखी उंच आणि भक्कम झाले, पुढे सोयाबीनसाठी जंगलं तुटली. जे जंगल बांधाच्या पलीकडे वाचलं, त्याच्यापर्यंत नदीचं पाणी पोचत नाही. झाडं आहेत, जीवाणू आहेत, पण नायट्रेट बांधाला घासून सरळ आखाताकडे निघून जातं.

म्हणजे नुसती झाडं लावून भागत नाही. उत्तर लुइझियानात वॉशिटा नदीकाठच्या मॉलिसी फार्म्समध्ये हे लक्षात घेतलं गेलं. जंगल तोडून, बांध घालून तिथे सोयाबीन पिकवलं जायचं. नंतर ती जमीन अभयारण्यात आली, पुन्हा झाडं लागली आणि बांध फोडायचं ठरलं. २००९च्या पुरात नदीने वाट न बघता तो स्वतःच फोडला! पुढच्या वर्षी आणखी ठिकाणी मुद्दाम खिंडारं पाडली गेली.

यात एक मेख आहे. विनायट्रीकरण अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. शिवाय पुराचं पाणी घाईत निघून गेलं, तर जीवाणूंना कामाला वेळच मिळत नाही. म्हणून नदीला जंगलात येऊ द्यायचं, थोडं रेंगाळू द्यायचं, आणि त्याच वेळी वरच्या अंगाला खताचा हातही आवरायचा. आयोवात वाया गेलेलं सगळं खत निस्तरणं लुइझियानाच्या मातीला एकटीला झेपणार नाही.