नाशिकचे द्राक्ष युरोपात कसे पोहोचते? पुरवठा साखळी सांभाळण्याचा २०१० चा धडा

मार्च महिन्यात युरोपातल्या एखाद्या सुपरमार्केटमध्ये अर्ध्या किलोच्या पारदर्शक डबीत भारतीय द्राक्षे दिसली, तर ती नाशिक जिल्ह्यातली असण्याची शक्यता बरीच मोठी असते. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या बागेपासून त्या डबीपर्यंतच्या प्रवासात शेतकरी, तोडणी करणारे मजूर, पॅकहाऊस, शीतगृह, कंटेनरचा ट्रक, बंदर, जहाज कंपनी आणि आयातदार असे अनेक हात लागतात. या सगळ्यांच्या एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामाला पुरवठा साखळी म्हणतात. ती कशी सांभाळावी आणि ती कुठे तुटते, हे समजून घ्यायला द्राक्षासारखे दुसरे उदाहरण नाही.

द्राक्षाची साखळी इतकी नाजूक का?

आंबा किंवा केळी झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात. द्राक्षाचे तसे नसते. घड वेलीवरून तोडला की त्याची गोडी तिथेच थांबते. पुढचा प्रत्येक टप्पा आहे ती प्रत टिकवू शकतो, सुधारू शकत नाही.

म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यात होते. माल काही तासांत पॅकहाऊसला नेऊन प्रीकूलिंगमध्ये थंड केला जातो. पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, त्यामुळे बुरशी रोखली जाते. शून्य अंशाच्या आसपासचे तापमान शीतगृहापासून परदेशातल्या गोदामापर्यंत राखावे लागते. वाटेत कुठेही ते चढले, तर देठ सुकतो, मणी मऊ पडतात आणि वर्षभराच्या मेहनतीचा भाव उतरतो.

२०१० मध्ये काय घडले?

त्या हंगामात नाशिकहून गेलेली द्राक्षे युरोपात अडकली. माल सडलेला नव्हता, उशिराही पोहोचला नव्हता. त्यात क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्या वाढ नियंत्रकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी हे द्रव्य वापरले जात असे, तेही तोडणीच्या कितीतरी महिने आधी.

तपासणीची व्यवस्था तेव्हाही होती. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून युरोपात तक्रारी झाल्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी सुरू झाली होती. पुढे ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदप्रणाली आणली. परदेशात तक्रार आली, तर ती पेटी कोणत्या बागेतली हे शोधता येत होते. पण निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. भारतातल्या प्रयोगशाळेत पास झालेला माल युरोपात नापास झाला. निर्यातदार आणि शेतकऱ्यांना कोट्यवधींचा फटका बसला आणि अनेक बागायतदारांवर कर्जाचा डोंगर उभा राहिला.

थोडक्यात, माल पुढे नेणारी साखळी शाबूत होती. ग्राहकाकडची माहिती बागेपर्यंत मागे आणणारी साखळी मात्र तुटलेली होती.

त्यानंतर काय बदलले?

तपासणीची यादी बाजाराच्या नियमांप्रमाणे दर हंगामात नव्याने पाहिली जाऊ लागली. निर्यात करणाऱ्या बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते, तोडणीपूर्वी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि तो नापास झाला, तर त्या बागेचा माल युरोपला पाठवता येत नाही. चूक बंदरावर सापडण्याऐवजी वेलीवरच सापडली, तर नुकसान एका बागेपुरते राहते.

याच संकटानंतर दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी विलास शिंदे यांच्या पुढाकाराने आकाराला आली. बागेतला सल्ला, पॅकिंग, शीतगृह, निर्यात आणि प्रक्रिया ही कामे तिने एकाच व्यवस्थेत आणली. परदेशी खरेदीदाराने घातलेली अट सल्लागारामार्फत थेट बागेत पोहोचते. टोमॅटोसारखी इतर पिके आणि प्रक्रिया उद्योग जोडल्याने सगळा भार एका फळावर आणि एका हंगामावर राहत नाही. अशा व्यवस्थेला भांडवलही मोठे लागते. २०२२ मध्ये या कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले.

आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींचे काय?

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ कालव्याऐवजी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. भाडेही वाढले. जहाजाचा मार्ग शेतकरी ठरवू शकत नाही. पण कोणत्या बागेचा माल जास्त दिवस टिकेल आणि कोणता जवळच्या बाजारात विकावा, हे ठरवणे त्याच्या हाती असते. त्यासाठी प्रत्येक बागेची नोंद आधीच तयार असावी लागते.

इतर कंपन्यांनी यातून काय घ्यावे?

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यालाही हेच प्रश्न लागू पडतात. ग्राहकाची अट बदलली, तर ती कच्चा माल देणाऱ्यापर्यंत किती दिवसांत पोहोचते? सदोष माल सापडला, तर तो कोणत्या खेपेतला हे सांगता येते का? तपासणी माल निघण्याआधी होते की ग्राहकाकडे पोहोचल्यावर? एक पुरवठादार किंवा एक रस्ता बंद पडला, तर दुसरा कोणता?

ट्रक आणि गोदामे पैसे देऊन भाड्याने मिळतात. या प्रश्नांची उत्तरे मात्र हंगाम सुरू होण्याआधीच वहीत लिहिलेली असावी लागतात.