गिरणीवाल्याच्या मुलाने रंगवलेले आभाळ

मृग जवळ आला की आपण कपाळाशी हात धरून आभाळ पाहतो. ढग बरसणारा की नुसता निघून जाणारा, हे जाणत्या शेतकऱ्याला ओळखता येते. अशीच नजर इंग्लंडच्या एका थोर निसर्गचित्रकाराला लाभली होती. त्याचे नाव जॉन कॉन्स्टेबल.

११ जून १७७६ रोजी सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. स्टूर नदीकाठी फ्लॅटफर्ड येथे त्यांची पाणचक्की होती. मुलाने धंदा सांभाळावा, ही त्यांची इच्छा. जॉनने काही काळ पवनचक्कीवर कामही केले. तेथे वाऱ्याकडे आणि ढगांकडे सतत लक्ष ठेवावे लागे. पण मन चित्रांत गुंतलेले. अखेर वडिलांनी संमती दिली आणि १७९९ साली तो लंडनच्या रॉयल अकादमीत शिकू लागला. पुढे गिरणीचा कारभार धाकटा भाऊ अब्रामने सांभाळला.

कॉन्स्टेबल जन्मात कधी इंग्लंडबाहेर गेला नाही. १८०६ साली तो उत्तरेकडील सरोवरांच्या डोंगराळ मुलखात हिंडला, सॉल्झबरीलाही गेला. पण जीव रमला तो बालपणीच्या नदीकाठीच. नदीच्या पाण्यात उभी असलेली गवताची रिकामी गाडी त्याने १८२१ साली रंगवली. ‘द हे वेन’ हे ते चित्र. लंडनच्या प्रदर्शनात त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८२४ साली पॅरिसमध्ये मात्र त्यालाच सुवर्णपदक लाभले!

पत्नी मारियाची प्रकृती नाजूक, म्हणून कुटुंब लंडनजवळ हॅम्पस्टेडच्या उंच, मोकळ्या हवेत राहू लागले. तेथे १८२१-२२ मध्ये त्याने नुसत्या आभाळाची कितीतरी चित्रे काढली. अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. १८२८ साली मारिया क्षयाने गेली. सात मुले आईविना राहिली. त्यानंतर, १८२९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी अकादमीने त्याला पूर्ण सभासदत्व दिले. मान मिळाला, पण तो पाहायला घरधनीण नव्हती. १८३७ साली कॉन्स्टेबलही गेला.

आम्ही शेतकऱ्यांना पावसाची नोंद ठेवा म्हणून सांगतो. कॉन्स्टेबलने तेच रंगांनी केले. आपल्या घरातले एखादे पोर वहीच्या कडेला बैल, झाडे, ढग काढत असेल, तर त्याला दटावू नका. चित्राखाली तारीख, वेळ आणि वारा कोणीकडचा, एवढे मात्र लिहायला सांगा. पोर चित्रकार होवो वा शेतकरी, ही नजर त्याच्या कामी येईल.