दोन कार्डे, एक चित्र

मुखेडच्या शिवारात कापूस खुरपताना प्रत्येक बाई आपापली पात धरते. संगणकालाही काम असेच वाटून देता येते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली बांधलेल्या ‘परम ८०००’ महासंगणकात अनेक ट्रान्सप्यूटर एकाच गणितावर राबत. १९९८ साली ‘व्हूडू २’ या ग्राफिक्स कार्डांची जोडी खेळातले चित्र ओळींनी वाटून घेई. एक कार्ड सम ओळी काढी, दुसरे विषम.

मग वेग दुप्पट होतो? सहसा नाही! समजा, एका चित्राला १० मिलिसेकंद लागतात. पैकी ४ मुख्य प्रोसेसरच्या हिशेबाचे. तो आधी पुरा व्हावा लागतो, कार्डांत वाटता येत नाही. उरलेले ६ दोघांत ३-३. एकूण ७. पैसे मात्र दोन कार्डांचे! तिसरे कार्ड लावल्यास किती वाचतील, तुम्हीच काढा.