गिटारची घोडी : आधी माप, मग खरेदी

हार्मोनियमचा भाता, तबल्याची पुडी आणि बेंजोच्या तारा यांवर ज्यांचे दुकान चालते, अशा आमच्या वाचकबंधूंच्या काउंटरवर कधी ना कधी इलेक्ट्रिक गिटार येतेच. नगर जिल्ह्यात या वाद्याला गिऱ्हाईक नाही असे कोणी समजू नये. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. तेव्हापासून येथील ख्रिस्ती समाज वाढत गेला आणि आज चर्चच्या गायनवृंदात गिटार ही नेहमीची गोष्ट आहे. शिर्डीच्या भजनी कार्यक्रमांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती दिसते. शेजारच्या नारायणगावात ज्यांच्या सुपाऱ्या ठरतात त्या तमाशा मंडळांच्या रंगबाजीतही ती वाजते. अरणगावच्या मेहेराबादला दर ३१ जानेवारीस मेहेरबाबांच्या अमरतिथीसाठी देशोदेशीचे लोक येतात. ‘द हू’ या इंग्लंडच्या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा बाबांचा अनुयायी. मंचावर गिटारी आपटून फोडण्याबद्दल तो जगात गाजला. असे गिऱ्हाईक मात्र दुरुस्तीवाल्याच्या काय कामाचे!

काउंटरवर आलेले हे काम आपण परत पाठवले तर गिऱ्हाईक पुण्याची एसटी धरते. हाती घेऊन चुकीचा भाग बसवला तर पैसे आपल्या खिशातून जातात, आणि वर गिटारच्या लाकडात नको तिथे भोके पडतात. गिटारच्या ज्या भागावरून असे नुकसान सर्वांत सहज होते तो म्हणजे ब्रिज, आपल्या भाषेत घोडी. त्याविषयी आज सविस्तर लिहीत आहोत.

घोडी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण या विषयातले जगातले एक उत्तम शिक्षण आपल्याच राज्यात, मिरजेला आहे. तेथील शिकलगार घराणी मुळात हत्यारे घडवणारी व धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ती सतार-तंबोऱ्याच्या कामात उतरली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीवर चालणारी कानस सतारीच्या घोडीवर चालू लागली, एवढाच काय तो फरक. सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो. त्याला इतका हलका उतार देतात की तार कंप पावताना माथ्याला स्पर्श करीत करीत सुटते आणि तो झणकार निर्माण होतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. हस्तिदंत आणि शिंग कायद्याने बंद झाल्यावर उंटाचे हाड, आबनूस आणि कृत्रिम पदार्थ वापरात आले, पण हाताचे काम तेच राहिले.

सतारीत जो गुण, तोच गिटारीत दोष. गिटारच्या घोडीवर तार एका बारीक धारेवरून सुटली पाहिजे. तार टेकण्याची जागा झिजून सपाट झाली की गिटार सतारीसारखी झणझणू लागते आणि वादक ‘आवाज फाटतो’ अशी तक्रार घेऊन येतो. १९६७ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेवरून कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार निघाली. तिच्यात हा दोष मुद्दाम आणला होता. गिटारला रुंद, सपाट घोडी बसवली होती. सबब ज्याला जवारी कळते त्याला गिटारची घोडी अवघड नाही. त्याने फक्त उलट दिशेने विचार करायचा.

फरक आहे तो बसवण्यात. सतारीची घोडी तारांच्या दाबाने जागेवर राहते, ती थोडी सरकवता येते. इलेक्ट्रिक गिटारची घोडी स्क्रूने किंवा खुंट्यांनी लाकडात जखडलेली असते. सहा तारांचा एकूण ताण ९ नंबरच्या संचाला सुमारे ३८ किलो आणि १० नंबरच्या संचाला सुमारे ४६ किलो भरतो. इतक्या ओढीखाली चुकीचे भोक टिकत नाही.

तीन जाती

बाजारात नावे पुष्कळ आहेत, पण दुरुस्तीवाल्याला बहुधा तीनच जाती भेटतात. पहिली स्थिर पाटी. पत्र्याची किंवा पितळेची पाटी थेट लाकडावर स्क्रूने बसवलेली असते. दुसरी दोन खुंट्यांवर बसणारी, ट्यून-ओ-मॅटिक नावाची, जी गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये आणली. हिच्यामागे तारा अडकवायचा दांडा वेगळा असतो. तिसरी हलती घोडी, जिला वादक ट्रेमोलो म्हणतात. तिला हाताने दाबायची दांडी असते आणि गिटारच्या पाठीमागे स्प्रिंगा असतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर तीही १९५४ सालीच आली. स्वस्त गिटारींत या तिसरीच्याच नकला फार, त्यामुळे तक्रारीही हिच्याच जास्त. दोन्ही टोकांना तारा आवळणारी फ्लॉइड रोज पद्धतीची घोडी हे चौथे प्रकरण आहे. पहिली दहा कामे जमल्याशिवाय तिला हात लावू नये, असा आमचा सल्ला आहे.

माप कसे घ्यावे

गिऱ्हाईक ‘स्ट्रॅटची घोडी द्या’ म्हणते आणि दुकानदार तेच नाव सांगून माल मागवतो. येथेच पैसे बुडतात, कारण एकाच नावाच्या घोड्या वेगवेगळ्या मापांत येतात. पट्टीवर विसंबू नये, व्हर्निअर वापरावा.

पहिले माप तारांच्या अंतराचे. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत मोजावे. ५२.५, ५४ किंवा ५६ मिलिमीटरच्या आसपास उत्तर येईल. आशियाई बनावटीच्या गिटारींत ५२.५ व ५४, तर जुन्या अमेरिकन मापात ५६ चा आकडा भेटतो. दुसरे माप पुढच्या स्क्रूंचे. हलत्या घोडीला पुढे सहा स्क्रू असतील तर दोन टोकांच्या स्क्रूंमधील अंतर घ्यावे, दोनच खुंट्या असतील तर त्यांच्या मध्यांमधील. दीड मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण स्क्रू तिरका जातो आणि घोडी अडकते.

तिसरे माप हमखास विसरले जाते. हलत्या घोडीच्या खाली धातूचा एक ठोकळा असतो, तो गिटारच्या अंगातून पाठीमागे जातो. पूर्ण जाडीच्या गिटारला साधारण ४२ मिलिमीटरचा ठोकळा चालतो. स्वस्त गिटारचे अंग ४० मिलिमीटरच्या आसपास असते, तिला ३६ चा लागतो. समजा, शेवगावचे एक गिऱ्हाईक अशी पातळ गिटार घेऊन आले. तुम्ही तारांचे अंतर आणि स्क्रूंचे अंतर बरोबर मोजले, भारीतली घोडी मागवली, ती पुढून झोकात बसली. मग गिटार उलटी केली तर ठोकळा पाठीतून बाहेर डोकावतो आहे आणि मागचे झाकण बसत नाही. आता ठोकळा कापायचा म्हटले तर स्प्रिंगांची भोके त्याच टोकाला आहेत. परत पाठवायचा म्हटले तर स्क्रूचे डाग पडलेला माल कोणी घेत नाही. तीन मापांपैकी एक राहिले आणि मजुरी सगळी गेली.

खुंट्यांवरच्या घोडीत दोन खुंट्यांच्या मध्यांमधील अंतर बहुधा ७४ मिलिमीटर असते आणि मागच्या दांड्याचे सुमारे ८२. अंतर जुळले तरी खुंटीची जाडी पाहावी. आशियाई मालात ८ मिलिमीटरच्या जाड आट्यांची खुंटी असते. जुन्या गिब्सन पद्धतीत बारीक खुंटी सरळ लाकडात जाते. एकीची घोडी दुसरीवर बसत नाही. शिवाय या घोडीचा माथा १२ इंची गोलाईचा असतो. फ्रेटबोर्डची गोलाई ९.५ इंच असेल तर मधल्या तारा खाली आणि कडेच्या वर राहतात.

स्क्रूंच्या आट्यांबाबत एक सांगून ठेवतो. ज्या छोट्या तुकड्यावर एकेक तार टेकते ते सॅडल. आशियाई मालात सॅडल वर-खाली करणारे स्क्रू ३ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना दीड मिलिमीटरची ॲलन की लागते. अमेरिकन मालात आटे इंची असतात आणि की ०.०५० इंचाची. एकाचा स्क्रू दुसऱ्यात दाबून फिरवला की सॅडल कायमचे गेले.

दोष घोडीचाच आहे काय?

घोडी बदलायला आलेल्या गिटारींपैकी कितीतरी नुसत्या तारा बदलून बऱ्या होतात. म्हणून आधी नव्या तारा चढवाव्यात, मग निदान करावे. नगरच्या कोरड्या धुळीत आणि मंडपातल्या घामात सॅडलचे स्क्रू गंजून बसतात. त्यांना एक दिवस पातळ तेल पाजून पाहावे, जोर करू नये.

वर गेल्यावर सूर बिघडतो, ही तक्रार सॅडल मागेपुढे करून सुटते. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवावी आणि त्याच जागी नुसते बोट लावून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल नेकपासून मागे न्यावे, उतरता असेल तर पुढे आणावे. नवी घोडी बसवतानाही हाच हिशेब. २५.५ इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटरच्या गिटारला वरच्या नटापासून बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटरवर असतो. तेथून पुढे पुन्हा ३२४ मोजावे. पहिल्या तारेचे सॅडल त्या रेषेपेक्षा एक-दोन मिलिमीटर आणि सहाव्याचे चार-पाच मिलिमीटर मागे यायला हवे. सॅडलला इतके सरकायला जागा उरत नसेल तर भोक पाडण्याआधीच थांबावे.

तार नेहमी घोडीपाशीच तुटत असेल तर सॅडलवर बोचरी कड आलेली आहे. बारीक कानस आणि मग पाण्याचा ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला की काम झाले. त्याची मजुरी घ्यावी, नवी घोडी विकू नये. सगळी सॅडल तळाला टेकूनही तारा उंच राहतात, तेव्हा दोष नेकच्या कोनाचा असतो. नेक जेथे अंगात बसते त्या खाचेच्या घोडीकडच्या टोकाला पातळ पट्टी घातली की तारा खाली येतात.

हलती घोडी दांडी सोडल्यावर जागेवर येत नाही, तेव्हा पुढचे सहा स्क्रू पाहावेत. कोणीतरी ते घट्ट आवळलेले असतात. ते घोडी दाबायला नसून तिला झुलायला आहेत. जाड तारा चढवल्यावर घोडी मागून उचलली गेली तर पाठीमागच्या पंज्याचे दोन स्क्रू थोडे आत घ्यावेत किंवा एक स्प्रिंग वाढवावी. स्क्रूची भोके सैल झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या आणि गोंद हा आठवड्याचा उपाय आहे. भोक मोठे करून कठीण लाकडाची खुंटी फेव्हिकॉलने बसवावी, रात्रभर ठेवावी, मग नवीन भोक पाडावे. स्क्रूला मेणबत्तीचे मेण लावले की तो तुटत नाही.

घोडी बदलल्यावर गिटार गुणगुणू लागली तर तुमच्याकडूनच काही राहिले आहे. घोडीला किंवा स्प्रिंगांच्या पंज्याला अर्थची एक वायर जोडलेली असते, ती निसटली असेल. मल्टिमीटरचे एक टोक घोडीला व दुसरे पिनेच्या बाहेरच्या धातूला लावावे. रोध शून्याच्या जवळ यायला हवा. काळ्या रंगाच्या घोडीत रंगच मध्ये येतो, तेथे तळाशी थोडे खरवडावे. हे करताना वादकाला एक सूचना जरूर द्यावी. गिटारच्या तारा या वायरीने ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपातल्या लाइनला अर्थिंग नसेल किंवा ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कोणी काढून टाकली असेल, तर वादकाला तारेतून झटका बसू शकतो. ओठ माइकला आणि बोटे तारेला असताना तो जिवावरही बेततो. भाड्याने साउंड देणाऱ्या आमच्या बांधवांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता आपल्या लेथवाल्यांसाठी. स्वस्त घोडीचा ठोकळा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. त्यातले दांडीचे आटे झिजले की संपूर्ण घोडी टाकून दिली जाते. पण हाच ठोकळा पितळेचा किंवा माइल्ड स्टीलचा करून देता येतो. जुना ठोकळा नमुना म्हणून घ्यावा, सहा तारांची भोके, वरचे तीन स्क्रू आणि दांडीचे आटे यांची मापे उतरवावीत. नागापूरच्या एमआयडीसीत ज्यांनी काम केले आहे त्यांना यात नवे काही नाही. पहिला नग करायला वेळ लागतो. मात्र मापे वहीत राहिली तर दुसरा लवकर होतो. दुरुस्तीवाला आणि लेथवाला यांनी मिळून हे काम धरल्यास जिल्ह्याबाहेरचे गिऱ्हाईकही येऊ शकेल.

दुकानात भांडवल फार अडकवू नये. पूर्ण घोड्या साठवण्याऐवजी ३ मिलिमीटरचे सॅडल-स्क्रू, स्प्रिंगा, दोन-तीन मापांची सुटी सॅडल आणि दोन्ही जातींच्या ॲलन की ठेवल्या तरी बरीच कामे निघतात. पूर्ण घोडी मापे लिहून, आगाऊ रक्कम घेऊनच मागवावी, आणि ती मापे बिलावर नमूद करावीत. काढलेली जुनी घोडी स्क्रूंसकट पुडीत बांधून गिऱ्हाईकाला परत द्यावी, म्हणजे गिटार विकताना मूळ भाग दाखवायला त्याच्याकडे राहतो.