विमा समजून घेताना : हौशी वैमानिकाचा आयुर्विमा आणि मेडिक्लेम

खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, असलेल्या व्यक्तीला स्वतः विमान चालवता येते आणि सोबत माणसे नेता येतात. त्यासाठी भाडे किंवा मोबदला घेता येत नाही. वयाची 17 वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, किमान 40 तासांचे उड्डाण, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षा आणि दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी या त्याच्या मुख्य अटी आहेत. भारतात दिलेला पहिला परवाना 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली सुरू केला. म्हणजे हा छंद या भागाला अगदीच परका नाही. पण विमानकंपनीत नोकरी करणाऱ्या वैमानिकाचा गटविमा सहसा कंपनी काढते, हौशी वैमानिकाला मात्र सगळी जुळवाजुळव स्वतःच करावी लागते.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात ही जुळवाजुळव एका खास ठिकाणी अडते. विमान शिकायला बारामती किंवा धुळे गाठावे लागते, विम्याचा एजंट मात्र गावातलाच असतो. तो अर्जदाराला ऊसशेती, दूध किंवा दुकान यांवरून ओळखतो. अर्जात व्यवसाय ‘शेती’ लिहिला जातो आणि धोकादायक छंदाच्या प्रश्नापुढे सवयीने ‘नाही’ पडते. खाली सही अर्जदाराची असते, त्यामुळे उत्तराची जबाबदारीही त्याचीच ठरते. घरच्यांना ही चूक कळते ती दावा दाखल करण्याच्या वेळी, म्हणजे ती सुधारण्याची संधी संपल्यावर. म्हणून अर्ज स्वतः वाचून, शक्यतो स्वतःच्या हाताने भरावा.

आयुर्विम्याच्या अर्जात उड्डाणाचा उल्लेख केला की कंपनी बहुधा वेगळी प्रश्नावली देते. आतापर्यंतचे एकूण तास, गेल्या वर्षभरातले तास, पुढच्या वर्षात अपेक्षित तास, विमानाचा प्रकार, रात्रीचे किंवा केवळ उपकरणांवर विसंबून केलेले उड्डाण, हवाई कसरती आणि पूर्वीचे अपघात अशी माहिती त्यात विचारतात. वर्षाला अगदी थोडे तास उडणारा माणूस कंपनीला नेहमीच कमी जोखमीचा वाटतो असे नाही, कारण सराव तुटलेला वैमानिक हीही जोखीम असते. डीजीसीएच्या वैद्यकीय तपासणीत सांगितलेला आजार आणि विम्याच्या अर्जातला आजार यांत तफावत असू नये. दोन्ही कागद पुढे एकाच टेबलावर येऊ शकतात.

यावर कंपनी नेहमीच्या हप्त्यात विमा देते, जादा हप्ता लावते, किंवा वैमानिक म्हणून उडताना आलेला मृत्यू वगळून विमा देते. जादा हप्ता अनेकदा हजारी हिशेबाने असतो. समजा हजारी 2 रुपये लावले, तर 50 लाखांच्या विम्यावर वर्षाला 10,000 रुपये जास्त पडतील. रक्कम डोळ्यांत भरणारी असली, तरी विमानाचा धोका वगळलेल्या स्वस्त पॉलिसीपेक्षा हा सौदा कुटुंबाच्या हिताचा आहे. जी जोखीम घरच्यांना खरोखर सतावते, तीच वगळून घेतलेला विमा त्यांच्या कामाचा नाही. 2021 पासून सर्व आयुर्विमा कंपन्यांना विकावी लागणारी ‘सरल जीवन बीमा’ ही टर्म पॉलिसी व्यवसाय न पाहता देऊ करायची आहे, आणि तिच्यात आत्महत्येखेरीज अन्य अपवाद नाही. सुरुवातीच्या 45 दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूचेच संरक्षण मिळते.

सर्वांत मोठी फसगत अपघात विम्यात होते. मूळ आयुर्विम्याला जोडलेला अपघाती लाभाचा रायडर वैमानिकासाठीच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एलआयसीच्या अशा रायडरमध्ये विमानातला प्रवासी धरला जातो, विमान चालवणारा नाही. स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसींच्या रूढ मसुद्यातही परवानाधारक विमानातील प्रवासी वगळता इतर प्रत्येक विमानोड्डाण अपवादात टाकलेले असते. तीच व्यक्ती मुंबईच्या विमानात प्रवासी म्हणून बसली तर संरक्षित, आणि बारामतीत स्वतः उड्डाण करू लागली तर नाही. म्हणून रायडरचा हप्ता भरण्याआधी ‘वैमानिक म्हणून उडताना’ संरक्षण आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. फ्लाइंग क्लबने विमानाचा काढलेला विमा हा याला पर्याय धरू नये. त्यात शिकणाऱ्याच्या जिवाचा समावेश आहे की नाही, हे पाहूनच ठरवावे.

मेडिक्लेमची स्थिती तुलनेने बरी आहे. आरोग्य विम्यातला प्रमाणित अपवाद धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे झालेल्या उपचारखर्चापुरता आहे. त्यात स्काय डायव्हिंग, मोटार शर्यत, गिर्यारोहण यांची नावे आहेत, पण ती यादी परिपूर्ण नाही. हौशी पीपीएलधारक सहसा या अपवादात येऊ नये, तरीही जुन्या पॉलिसीचे शब्द वेगळे असू शकतात. कोडोलीच्या माणसाने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उडण्याच्या गावात कॅशलेस रुग्णालय आहे का. दुसरी, काही पॉलिसींत हप्ता शहरांच्या वर्गवारीनुसार ठरतो. अशा पॉलिसीत कमी हप्ता भरून पुण्या-मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा काही हिस्सा खिशातून द्यावा लागू शकतो.

लपवाछपवीबद्दल कायदा स्पष्ट आहे. मेडिक्लेम घेताना आजार लपवल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली विमा कंपनीचा दावा नाकारण्याचा निर्णय योग्य ठरवला. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून पॉलिसीच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली तर मुदत नव्याने मोजतात. आरोग्य विम्यात हा काळ 60 महिन्यांचा आहे आणि त्यानंतरही सिद्ध झालेली फसवणूक माफ होत नाही. ही कलमे पॉलिसीत आधीपासून लिहिलेला अपवाद मात्र पुसून टाकत नाहीत. पॉलिसी घेतल्यानंतर उडायला शिकलेल्यानेही, विशेषतः अपघात विम्यात, कंपनीला लेखी कळवावे. अर्ज दिल्यानंतर आणि पॉलिसी मिळण्याआधी शिकायला सुरुवात केली, तर कळवणे बंधनकारक समजावे.

पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. अपवादांचे पान वाचण्यासाठी हाच काळ आहे. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कोल्हापूर जिल्ह्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. तेथे 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे चालतात आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात अर्ज करावा लागतो.